पडद्यामागचा दिवा आणि चंद्रावरची कबड्डी

दिवा लावल्यावर काळा रंग आणखी काळा दिसतो, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल ना? सांगलीची जुईसुद्धा हसली होती.

त्या दुपारी चंद्रावर कबड्डीचा पहिलावहिला सामना होता. पारदर्शक घुमटाखाली, हवा भरलेल्या मैदानात. भारताच्या स्त्री-पुरुष मिश्र संघात जुईची मोठी बहीण मैथिली होती. तिला कबड्डी शिकवली होती सुलभाआजीने, घरामागच्या मातीत, पदर खोचून.

घरातला यंत्रमानव खटपट्या याने पडदे ओढून मिट्ट काळोख केला. "थिएटरसारखं!" तो ऐटीत म्हणाला. टीव्ही सुरू झाला. काळंभोर आकाश, लगेच डोळे दिपवणारी जमीन, पुन्हा काळं आकाश.

आजीने डोळे मिटून घेतले. "कपाळ ठणकायला लागलं बाई. मी आपली स्वयंपाकघरात बसून ऐकते."

"ऐकतेस? ताईची पहिली चढाई तू बघायचीच नाहीस?" जुई रडकुंडीला आली. "खटपट्या, खिडकी उघड!"

"उजेड काचेवर पडेल. मग टीव्हीत मैथिलीऐवजी आपलंच सोफ्याचं कव्हर दिसेल."

दारात पोचलेली आजी थबकली. "माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत टीव्ही एकट्या पोतदारकाकूंकडे. अख्खी गल्ली तिथे जमायची. काकू टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक छोटा दिवा लावायच्या. आम्ही ओरडायचो, काकू, दिवा घालवा! पण त्या ऐकायच्या नाहीत."

"का लावायच्या?"

"कुणी विचारलंय! चिवडा मिळायचा, तेवढं पुरे होतं."

खटपट्याच्या छातीवरचा दिवा लुकलुकला. काही समजलं की तो असाच लुकलुकतो. "डोळ्याची बाहुली (बुबुळाच्या मधलं काळं छिद्र) अंधारात मोठी होते, उजेडात लहान. अंधाऱ्या खोलीत चित्र क्षणात काळं, क्षणात लख्ख झालं, की बाहुलीची सारखी उघडझाप होते. डोळे दमतात. मागची भिंत मंद उजळली, तर डोळ्यांना सतत थोडा प्रकाश मिळतो. ही उघडझाप कमी होते."

"पण मग आकाश फिकट नाही दिसणार?"

"उलट! आपला डोळा रंग एकटा बघत नाही, शेजारच्याशी ताडून बघतो. भिंत उजळ, म्हणून आकाश जास्त काळं. याला म्हणतात प्रकाशभेद (उजळ आणि काळोख्या भागांतला फरक)."

"काहीतरीच!" जुई हसली. पण अभ्यासाचा दिवा तिने पळतच आणला आणि टीव्हीमागे भिंतीकडे वळवून ठेवला. आकाश खरंच काजळासारखं झालं. आजी हळूच खुर्चीत टेकली.

सामना सुरू झाला. "शाब्बास! धर त्याला!" आजी ओरडली.

"आजी, ती समोरची टीम! आपले पांढरे, ते फिके गुलाबी."

"मला सगळेच गुलाबी दिसतायत गं!"

जुईने डोळे चोळले. पांढऱ्या कपड्यांवर खरंच गुलाबी झाक होती. आणि पुढची चढाई मैथिलीची! जुईने टीव्हीभोवती पाहिलं. भिंत पिस्ता रंगाची होती.

"उजेड भिंतीवरून हिरवा होऊन येतोय का रे?"

"अगदी बरोबर! डोळा त्या हिरव्याला सरावतो, मग पांढरं त्याला गुलाबीकडे झुकलेलं वाटतं. मागे पांढराच प्रकाश हवा. आत्ता भिंत रंगवायला घेऊ?"

"शहाणाच आहेस! आजी, आजोबांचं धोतर कुठंय?"

"दोरीवर. आणि ते विचारतील तेव्हा माझं नाव नको सांगू."

खटपट्याने टीव्हीमागे, भिंतीसमोर उभं राहून धोतर ताणून धरलं. पांढरे पुन्हा पांढरे दिसू लागले, गुलाबी तेवढे गुलाबी. मैथिलीने दम घेतला, "कबड्डी कबड्डी" करत रेषा ओलांडली आणि ती दोघांना शिवली. तिसरा तिच्या पायांवर झेपावला. मैथिली उडाली आणि काळ्याभोर आकाशावर पांढरी पाकोळी तरंगावी तशी त्याच्या डोक्यावरून सावकाश मागे रेषेपलीकडे उतरली.

आजी उभी राहून टाळ्या वाजवत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुखण्याचं नव्हतं.

"आजी, चंद्रावर खिडकीबाहेर लख्ख जमीन आणि काळं आकाश. तिथल्या लोकांचेही डोळे दमत असतील ना? खिडकीभोवतीची भिंत उजळायला हवी. मोठी झाले की मी जाऊन करते."

"जा की. पण आधी मला ती उडी पुन्हा दाखव."

"आणि मी?" धोतरामागून खटपट्या म्हणाला. "मी अजून काहीच पाहिलेलं नाही."