मारबतीला घातलेलं गाऱ्हाणं

नाइट ड्युटी संपवून धंतोलीच्या दवाखान्यातून हिमानी इतवारीत पोचली, तर गल्ली माणसांनी गच्च! अरे देवा, आज मारबत. पोळ्याचा दुसरा दिवस. लोक ओरडून सांगतील ती गावाची सगळी पीडा सोबत नेणारा तो अवाढव्य पुतळा निघाला, की घराची वाट बंद. पाय असे ठणकत होते की सोय नाही. ती भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसली.

"हिमानीच ना वं तू?"

तिनं वर पाहिलं. कपाळावरची ती खोक... भोवरा मारून तिनंच पाडलेली! चौथीपर्यंत शेजारी राहणारा रजत.

"इकडे कुठे गा?"

"मारबत पाहाले. शेवटची." तो दमल्यासारखा हसला. "तिकडे वाडीच्या गोदामात ट्रक भरून भरून जीव उबगला. पुण्याची नोकरी आली. संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं आहे. थांब म्हणणारं कोणी नाही ना... तुझं लग्न-बिग्न?"

"ड्युटीतून वेळ कुठे?"

आत्ताच भेटला, अन् आत्ताच जायची भाषा!

"रजत... हसायचं नाही हं. तुमचं बिऱ्हाड माझ्यामुळं हललं."

"ऑं?"

"तान्ह्या पोळ्याचा माझा लाकडी बैल तू तोडला होता. रागानं मी ओरडली, 'रजतले घेऊन जा गे मारबत!' अन् तुम्ही खरंच गेले. किती रडली मी."

रजत खो खो हसला. "बाबाले वाडीत काम लागलं होतं वं, वेडे!"

"तेव्हा सगळं खरं वाटायचं. ओरडलं की होतं, असं. आता रात्रभर दवाखान्यात लोकांचे नवस ऐकते... कशावरच भरवसा नाही राहिला."

ढोल-ताशे जवळ आले, पिवळी मारबत डुलत कोपऱ्यावर वळली.

"मग..." तो तिच्या कानाशी वाकला, "आज काय ओरडशील?"

तिचे कान तापले. "लोक ऐकतील गा!"

"ऐकू दे. मले ऐकायचं आहे."

हिमानी उठली. ठणकत्या पायांनी चवड्यांवर उभी राहिली, डोळे गच्च मिटले अन् बेंबीच्या देठापासून ओरडली, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत... अन् रजतले ठेवून जा!"

बाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. गलका हळूहळू पुढं सरकला. तिनं भीतभीत डोळे उघडले.

रजत तिथंच होता. फोन कानाला लावून पुण्याला सांगत होता, "नाही हो, नाही जमणार. घरच्यांनी सोडलं नाही."