स्टुलाचा तिसरा पाय

"लेथ संध्याकाळी भंगारात जाणार!" ढब्बू धापा टाकत सांगत आला, आणि टिचकीने सुट्टीतले सगळे बेत तिथेच गुंडाळले. चुलतभावाचा हात धरून ती थेट वर्कशॉपकडे, बाबांच्या त्या कातकामाच्या यंत्राकडे धावली.

बाबा वारल्यापासून तिथलं शटर क्वचितच उघडायचं. घरात टिचकीला बाबांची नुसती आठवण यायची, पण इथे, तेलाच्या वासात, ते आत्ता येतील असंच वाटायचं. आता तो वासही जाणार होता. ढब्बूचे बाबा, म्हणजे तिचे काका, वेल्डर होते. जोडकामात पटाईत, पण लेथशी त्यांचं कधी जमलंच नाही. त्यांनी कातलेला प्रत्येक रॉड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघायचा. यंत्र झिजलं, असं म्हणून ते मोकळे झाले होते.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ढब्बू पुटपुटला.

टिचकी हसली नाही. बाबांनी शिकवलं होतं तशी ती एकेका भागावरून हात फिरवत गेली. डावीकडचा हेडस्टॉक जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरवतो, उजवीकडचा टेलस्टॉक त्याचं दुसरं टोक धरून ठेवतो, मधली कॅरेज हत्यार घेऊन बेडवरून, म्हणजे खालच्या रुळांवरून, सरळ चालते. कॅरेज तर अलगद सरकत होती. मग घोडं अडलं कुठे?

टेलस्टॉकच्या बुडाशी तिने चिंधी फिरवली आणि ती थबकली. तिथल्या दोन रेघा समोरासमोर असल्या तरच जॉब सरळ, असं बाबा म्हणायचे. त्या जुळत नव्हत्या. कुणीतरी टेलस्टॉक मुद्दाम बाजूला सरकवला होता.

कशाला, ते ढब्बूला बाकाखाली सापडलं. दोन गुळगुळीत, निमुळते लाकडी पाय, आणि शेजारी न कातलेला तिसरा ठोकळा! बाबांनी तिला स्टूल कबूल केलं होतं. पाय निमुळते व्हावेत म्हणूनच त्यांनी टेलस्टॉक सरकवला होता. मग ते दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत.

ढब्बूने काकांना बोलावून आणलं. रेघा पाहून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. भंगारवाल्याला त्यांनी फोनवरच नको म्हणून सांगितलं आणि पाना उचलला. एवढं सरळ केलं की झालं, म्हणाले.

"थांबा ना काका. हे बाबांनी लावून ठेवलंय. आधी तिसरा पाय कातून काढा."

काकांनी पाना खाली ठेवून ठोकळा लेथवर चढवला. तिसरा पाय पहिल्या दोन्हींसारखा हुबेहूब उतरला.

"दादाची लेक शोभतेस," म्हणत त्यांनी पाना तिच्याच हातात दिला.

टिचकीने टेलस्टॉक हळूहळू जागेवर आणला. रेघेला रेघ लागली, आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू तेव्हा कुठे तिला आलं. बाबांनी हातात घेतलेलं काम पुरं झालं होतं.