नानांची नाळ

नाना चिंचोलकर गेले. पण ते राहू दे, अजून असं काही झालेलंच नाही. नाना अकोटात मुलीच्या घराबाहेर पायरीवर बसून खाणावळीचा डबा खात होते. त्यांच्या कमरेपासून निघालेली बोटाएवढी जाड नळी खिडकीतून स्वयंपाकघरात गेली होती. आत, नळीच्या दुसऱ्या टोकाला, त्यांची मुलगी हेमांगी पोळ्या लाटत होती आणि दोघांपुरता श्वास घेत होती.

"नाना, आत येऊन जेवा ना. लोक बघतात."

"बघू दे. मुलीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आपल्याकडं पद्धत आहे."

"आणि श्वास चालतो?"

"म्हणून तर तुला खिडकीपाशी उभी केलीय. हवा रस्त्यावरची. रस्ता नगरपालिकेचा."

जावई निखिलेशनं मनातल्या मनात नगरपालिकेचे आभार मानले.

नानांचं आयुष्य जिनिंग फॅक्टरीत, कापसाच्या धुळीत गेलं होतं. निरोगी छातीत कोट्यवधी बारीक फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. प्रत्येक फुग्याभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. हृदयाची उजवी बाजू शरीरभर वापरून आलेलं काळपट रक्त तिकडं ढकलते. रक्त तिथं कर्बवायू टाकतं, प्राणवायू उचलतं आणि लालभडक होऊन डाव्या बाजूला परततं. नानांचे फुगे पार निकामी झाले होते. हवा आत जायची, काही न करता बाहेर यायची. सरकारी कचेरीत गेल्यासारखी.

रक्तात प्राणवायू भरणारी यंत्रं होती, पण त्यांच्यात रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या. मग शास्त्रज्ञांना आठवलं की पोटात असताना आपल्यापैकी कुणीच श्वास घेत नव्हतं. तेव्हा आईचं रक्त आणि बाळाचं रक्त न मिसळता शेजारून वाहतं आणि वायूंची देवाणघेवाण नाळेच्या टोकाशी असलेल्या वारेत होते. बाळाच्या हृदयात तर उजवीकडून डावीकडं जायला एक चोरदार असतं. रक्त फुफ्फुसांना टाळून तिथनंच निसटतं. जन्मल्यावर बाळ रडलं की ते दार मिटतं. नानांचं ते दार डॉ. शबनम तांबोळींनी पुन्हा उघडलं, हेमांगीच्या पेशींपासून एक पडदा वाढवला आणि तिच्या कमरेला पिशवीत बांधून दिला. या पिशवीला 'उसनी वार' म्हणत. पडद्याच्या एका बाजूनं मुलीचं रक्त, दुसऱ्या बाजूनं बापाचं.

त्या महिन्याच्या तपासणीला नाना लावणी गुणगुणत आले.

"लिफ्ट बंद होती, नाना. जिना चढून आलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"टणाटण. हेमी दमली, मी नाही. आठवडाभर असं हलकं वाटतंय, जसं लग्नाआधी वाटायचं."

डॉक्टर यंत्रावरच्या आकड्यांकडं पाहत राहिल्या. "तुमच्या रक्तातला कर्बवायू उतरलाय. हेमांगी, तू हल्ली जास्त खोल श्वास घेतेयस."

"मुद्दाम नाही घेत."

"मुद्दाम घेतही नाहीत. बाईला दिवस राहिले की शरीर आपोआप घेतं. पोटातल्या जिवाचा कर्बवायू ओढून घ्यायची तयारी असते ती."

मुलीला दिवस गेल्याचं तिच्या बापाला नळीतून आधी कळलं होतं. फक्त त्याचा त्यांनी लावणी असा अर्थ काढला होता.

"अभिनंदन!" नाना ओरडले. मग डॉक्टरांचा चेहरा बघून खाली बसले. "का हो?"

"एका बाईला एकच वार झेपते. बाळ वाढलं की तिचं हृदय दोघांना पुरं पडणार नाही. पाचव्या महिन्याआधी ठरवावं लागेल."

"अहो, जुळी होतात की बायकांना!"

"जुळ्यांतला एक सत्तर किलोचा नसतो, नाना."

"माझं ठरलंय," हेमांगी म्हणाली. "मूल पुन्हा होईल. बाप कुठून आणू?"

"पाच वर्षं मुलासाठी उपासतापास केलेस त्याचं काय?" नाना म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

"आईसारखी बोलू नकोस."

"मग कुणासारखी बोलू?"

घरी येईपर्यंत दोघं तोंडं फिरवून चालले. नळी दोन हातांची असल्यामुळं रुसून दूर जाण्याची सोयही नव्हती.

वार सोडण्याचा हक्क कायद्यानं फक्त घेणाऱ्याला होता, देणाऱ्याला नव्हता. मुलं आईबापांना मध्येच सोडतील, अशी कायदा करणाऱ्यांना भीती होती. बाप काय करतील, याचा त्यांनी विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाणावळीचा डबा आला. नानांनी तो उघडला नाही. हेमांगीच्या मागोमाग उंबरा ओलांडून ते आत आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "वाढ."

हेमांगीच्या हातातलं लाटणं थांबलं. "अजून मूल झालेलं नाहीये, नाना."

"होणार आहे."

तिनं वाढलं. नानांनी वरणभात दोनदा मागून घेतला, वर तांब्याभर पाणी प्यायले. मीठ जरा कमी आहे, असंही म्हणाले. हेमांगी शेजारी बसून मोठमोठे श्वास घेत राहिली. तिला रडायचं होतं, पण हुंदक्यात श्वास तुटतो आणि त्यांचं जेवण अजून व्हायचं होतं.

त्याच आठवड्यात नानांनी दवाखान्यात वार सोडण्याच्या कागदावर सही केली.

पुढं मुलगी झाली. जन्माचा दाखला हातात पडल्यावर हेमांगीनं एक अर्ज केला. तो असा:

"प्रति, मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी. महोदय, माझ्या कन्येच्या जन्मनोंदीत 'कितवे अपत्य' या रकान्यात आपल्या कार्यालयाने 'पहिले' असे लिहिले आहे. ते चुकीचे आहे. माझे पहिले अपत्य दामोदर गणपत चिंचोलकर, वय वर्षे एकाहत्तर, हे सात महिने माझ्या श्वासावर होते व माझ्या इच्छेविरुद्ध गेले. तरी सदर रकान्यात 'दुसरे' अशी दुरुस्ती करून सुधारित दाखला मिळावा, ही नम्र विनंती."