मागच्या दाराची पाटी

ओल्या रंगाला तिची बोटं लागली, आणि पाटी वाचून ती भडकलीच.

‘पलीकडच्या लोकांनी याच दाराने यावे.’

पलीकडचे म्हणजे तिचे लोक. नदीपार मूठभर घरं, प्रार्थना वेगळी, बोली वेगळी. आगपेट्यांचा हा कारखाना मालकाकडून सरकारकडे आला होता. सगळे म्हणत होते, आता तो जनतेचा!

“अहो, ओलं आहे ते!” शिडीवरून रंगारी ओरडला.

“दिसतंय. अक्कल गहाण ठेवून आलात का?”

“यादीत होतं... जुन्या पाट्या नव्याने रंगवा.”

“आणि काय लिहिताय ते वाचलं नाहीत?”

तो ओशाळला. “अक्षर काढताना मी वळण बघतो... वाचत नाही. खरंच.”

“माझी आई वीस वर्षं वाचतेय!”

त्याने पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला. “पुसतो.”

“खबरदार!” तिने शिडीच धरली. “ज्याने यादी केली, तोच पुसेल.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. ती लाल झाली — रागाने, असं तिने स्वतःला सांगितलं.

ती तडक यादी करणाऱ्या साहेबांकडे गेली. ते मात्र हसले. “देश नवा आहे, बाई. हळूहळू होईल. उद्या मंत्री येताहेत, पुढून आलात तर कामावरून काढीन.”

सकाळी ती आईला आणि अकरा बायकांना घेऊन पुढच्या फाटकाशीच आली. वर बघते तो काय, मोठी पाटी अर्धीच! नुसतं ‘हा कारखाना’. खाली रंगारी हाताची घडी घालून बसलेला.

“अरे, पुरं कर! तासाभरात मंत्री येतील!” साहेब घामाघूम झाले होते.

“मागची पाटी पुसा, साहेब. मग ‘जनतेचा’ लिहितो. खोटं लिहायला हात वळत नाही.”

शेवटी साहेबांनी स्वतः मागची पाटी पुसली. बाराजणी पुढून आत गेल्या. ती थबकली.

“नोकरी गेली असती तुमची.”

“हो... तुमच्या आईंना भेटायला येऊ? म्हणजे... तुमच्यासाठी.”

तिला हसू फुटणारच होतं. पण राग अजून निवला नव्हता.

“तुमच्या घरात पलीकडचं कोणी कधी पुढच्या दाराने आलंय?”

त्याने मान खाली घातली. “नाही.”

“मग आधी तिथे भांडा,” ती म्हणाली, आणि हळूच पुढे — “लवकर भांडा... मी वाट बघतेय.”