वटवाघळाच्या डोळ्यातली खिडकी

मेलेल्या जनावराला डोळा बसवणं सोपं, नजर बसवणं कठीण. संग्रहालयात मी उभा जन्म तेच केलं. कातडं कमवायचं, आत पेंढा भरायचा, तारेने मान वळवायची आणि सगळ्यात शेवटी काचेचे डोळे लावायचे. अक्षरं मला फार उशिरा भेटली, केस पिकल्यावर. तोवर पुस्तकांतली चित्रंच वाचायचो, आणि चित्रातही आधी डोळा बघायचो. जुने चित्रकार प्राण्याच्या बुबुळात एक पांढरा ठिपका सोडत. भिंग धरलं की कळायचं, ती खिडकी आहे. चार तावदानांची, चित्रकाराच्या खोलीतली. रानातल्या हरणाच्या डोळ्यातसुद्धा खिडकी! मला हसू यायचं. पण ती पुसली तर हरीण मेलेलं दिसतं, हेही तितकंच खरं.

माझी भाची फोटो काढते, जिवंत प्राण्यांचे. नदीपलीकडच्या बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत, माळ्यावर, लांब कानांची वटवाघळं असतात असं तिला कळलं आणि तिने मला हाताशी धरलं. माझी बहीण म्हणाली, "भाऊ मेलेल्यांत रमला, लेक उलट्या टांगलेल्यांत. सरळ उभं राहणारं माणूस तुम्हाला चालतच नाही का गं?"

माळ्यावर भुशाचा आणि जुन्या राळेचा वास होता. कौलांच्या फटीतून दुपारचं ऊन पट्ट्यापट्ट्याने येत होतं. तुळईच्या सांध्यात वटवाघळं बसली होती, अंगठ्याएवढ्या अंगाची, आणि कान जवळजवळ अंगाइतकेच लांब. झोपताना हे प्राणी कान दुमडून पंखाखाली घेतात. कानाच्या आतली बारीक पाकळी तेवढी वर राहते, आणि नवख्याला वाटतं, तेच कान. त्यातलं एक वटवाघूळ अर्धवट जागं होतं. डावा कान पंखाखाली, उजवा ताठ. उजव्याच्या कडेला फाटून खाच पडलेली.

दोन फ्लॅश होते. एक उंच, तिपाईवर. दुसरा माझ्या हातात, खाली, कारण माझा खांदा वर जात नाही.

"मामा, दिवा कललाय."

"खांदा कललाय. दिवा सरळच आहे."

ती हसली आणि तेवढ्यात वटवाघळाने आमच्याकडे तोंड वळवलं. तिने बटण दाबलं.

तो फोटो तिने एका स्पर्धेला पाठवला, आणि तो पहिला येणार असं आतल्या गोटातून कळलं होतं. मग एका सकाळी परीक्षक मंडळाचे अध्यक्ष स्वतः घरी आले. जाड गोल चष्मा, बोलणं मऊ, काखेत कापडात गुंडाळलेलं पुस्तक. चहा नको म्हणाले. पुस्तक उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि शेजारी भाचीचा फोटो.

तांब्याच्या पत्र्यावर खोदून छापलेलं, हाताने रंगवलेलं चित्र. शंभर वर्षांपलीकडचं. लांब कानांचं वटवाघूळ, मूळ अंगाच्या कितीतरी पट मोठं काढलेलं. डावा कान पंखाखाली, उजवा ताठ. त्याच्या कडेला खाच.

भाची एकदा चित्राकडे, एकदा फोटोकडे बघत राहिली. तुळईच्या गाठीसुद्धा जिथल्या तिथे होत्या.

"हे पुस्तक मी कधी पाहिलेलंच नाही, सर. मूळ फाइल देते. तपासा."

"तपासली. फाइल खरीच आहे. कॅमेऱ्यासमोर काय होतं, एवढाच माझा प्रश्न आहे." ते माझ्याकडे वळले. "आपण पेंढा भरायचात ना?"

भाची उभी राहिली. "म्हणजे मामाने चित्र बघून वटवाघूळ बनवलं?"

"मी काहीच म्हणत नाही. मंडळ म्हणेल. आणि एकदा म्हटलं की तुमचे आजवरचे सगळे फोटो पेंढ्याचे ठरतील. नंतर कुणी दारात उभं करणार नाही."

माझ्या हातचा कोल्हा जिवंत समजून लहान मुलं रडायची. बनवायचं ठरवलं असतं तर मला ते जमलं असतं, आणि अध्यक्षांना ते ठाऊक होतं. मी आपलं सवयीने भिंग काढलं आणि चित्रातला डोळा बघितला.

त्यात खिडकी नव्हती.

दोन पांढरे चौकोन होते. एक उंचावर, सरळ. दुसरा खाली, कललेला. कललेल्याच्या मागे मुंगीच्या पायाएवढी एक आकृती होती, एका खांद्याने खचलेली.

मी भिंग भाचीला दिलं. तिने फोटो संगणकावर मोठा केला, वटवाघळाचा डोळा पडदाभर होईपर्यंत. दोन चौकोन. एक सरळ, एक कललेला.

"सर, तेव्हा असे दिवे होते?"

"नव्हते." अध्यक्षांनी भिंग घेतलं. बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. "छपाईचा दोष असेल," ते म्हणाले, पण आवाज मघापेक्षा खाली गेला होता.

"मामा, आपण सुटलो! चित्रातच आपले दिवे आहेत," भाची म्हणाली.

"आगीतून फुफाट्यात," मी म्हणालो. "हे मंडळाला कोण सांगणार?"

अध्यक्षांनी मार्ग काढला. रविवारी दुपारी ते माळ्यावर येतील. तेच दिवे, तीच जागा. समोर जिवंत वटवाघूळ दिसलं, त्याचा फोटो निघाला, की ते मंडळाला लिहून देतील. "आपणही हवेत," ते मला म्हणाले. "पेंढा भरणारे हात मला समोर दिसायला हवेत. आपण आला नाहीत तर लोकांना जे म्हणायचं ते म्हणतील."

पुस्तक ते ठेवून गेले. मला वाटतं, त्यांना ते घरात नको होतं.

भाची बाजारात गेल्यावर मी खिडकीशी बसलो आणि पान उलटलं. खोटं कशाला सांगू, भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती. आयुष्यभर मेलेल्यांच्या डोळ्यांत कुठला उजेड ठेवायचा हे मी ठरवलं. इथे कुणीतरी आमचा उजेड आधीच ठेवला होता.

पुढच्या पानावर तेच वटवाघूळ. खाच तीच. पण आता ते तुळईवरून सुटलेलं, पंख पसरलेले. दोन्ही कान ताठ, आणि दोन्ही खाली वळलेले, जमिनीकडे. हे प्राणी कानांनी शिकार करतात. पानावर चालणाऱ्या अळीचं पाऊलही त्यांना ऐकू येतं. जिकडे कान, तिकडे काहीतरी असतं.

मी भिंग धरलं.

उंचावर एक चौकोन, सरळ. त्याच्याजवळ एक बाई, तोंडापुढे काहीतरी धरलेलं. तिच्या शेजारी एक पुरुष. त्याच्या चेहऱ्यावर दोन गोल ठिपके, चष्म्यासारखे.

तिसरी आकृती मी बराच वेळ शोधली.

दुसरा चौकोन होता. पार खाली, जमिनीवर, आडवा पडलेला. तरी पेटलेला. त्याच्यापासून केसासारखी बारीक काळी रेघ निघून बुबुळाच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिथे डोळा संपत होता. खोदणाऱ्याचा हात घसरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पुस्तक मिटलं, कापडात गुंडाळलं. भाची आली. "पुढची चित्रं बघितलीस का, मामा?"

"उंदीर आहेत," मी म्हणालो.

न जाण्याचा विचार मनात आला नाही असं नाही. पण मी गेलो नाही तर पोरीचं नाव जातं. आणि आणखी एक गोष्ट आहे. जमिनीवर ते काय ऐकत होतं, हे मला कळायला हवं. भिंगातून ते दिसत नाही.

आज रविवार. ऊन चांगलं पडलंय. भाचीने दिव्यांच्या बॅटऱ्या भरून ठेवल्या, काचा पुसल्या. मघाशी माझा दिवा घेऊन माझ्यासमोर बसली.

"हात पुढे कर, मामा. तुझा खांदा ऐनवेळी दगा देतो. सरांसमोर दिवा हातातून सुटायला नको."

तिने दिव्याला दोरी बांधली होती. तिचा फास माझ्या मनगटात सरकवला आणि ओढून बघितला.

"घट्ट होतेय का?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर बसली."

खाली ती गाडी सुरू करतेय, म्हणून एवढं घाईने लिहितोय. दिवा मांडीवर आहे. लिहिताना दोरी कागदावरून सरकतेय. काळी आहे, आणि केसासारखी बारीक.