उभं राहिलेलं अंडं

"माझ्या एका प्रयोगापायी भल्या बाईची अब्रू गेली, मॅडम," खुर्चीत टेकायच्या आधीच दीपालीबाई म्हणाल्या.

अश्वजितने चहाचा कप खाली ठेवला. हवालदारकी सोडून तो चंद्रपुरात रोशनी खोब्रागडेच्या तपास कचेरीत आला, त्याला बरीच वर्षं झाली होती. चोऱ्यामाऱ्या, पळालेले नवरे, सगळं पाहून झालं होतं. प्रयोग मात्र पहिलाच!

दीपालीबाई कुरखेड्याकडच्या एका गावात शिक्षिका. मुलांना घनता शिकवताना त्यांनी गावालाही बोलावलं होतं. पाण्यात मीठ घालत जायचं. अंडं तरंगलं की पाणी तयार. मग त्यात धानाचं बी टाकायचं. भरला दाणा बुडतो, पोचट वर येतो. गावाला बी पुरवणाऱ्या रुखमाबाईंच्या बियाणे कोठीतलं बी टाकलं, तर जवळपास सगळंच वर!

"उद्या सभा आहे. कोठीचं बी गिरणीत जाणार, अन् गाव गुणवंतरावांच्या दुकानातून बी घेणार. रुखमाबाईनं अन्नाला हात लावला नाई."

"बी पोचटच असंल तर?" अश्वजित म्हणाला.

"मी दाणे सोलून पाह्यले, भाऊ. आत भरगच्च तांदूळ आहे. पण गावानं तरंगताना पाह्यलं, आता माझं कोण ऐकते?"

रोशनी उठली. "अश्वजित, गाडी काढ."

शाळेतल्या बादलीच्या कडेला मिठाचा जाड पांढरा थर वाळला होता. रोशनीने त्यावर बोट फिरवलं.

"आणलेलं मीठ पुरलं?"

"कुठी पुरलं! दुकानातून आणखी आणवलं. अंडं वर यायचं नावच घेईना."

"उभं होतं ते!" दिव्या नावाची विद्यार्थिनी मध्येच बोलली. "टोक खाली. आम्ही आडवं केलं तरी पुन्हा उभं!"

ते अंडं फळीवर जपून ठेवलं होतं. पांढरंशुभ्र.

अंडं दिलं होतं इसरूभाऊंनी. म्हातारा अंगणात मोहाची फुलं वाळवत होता.

"माझ्या कोंबडीचं अंडं लालसर राह्यते. प्रयोगाच्या सकाळी शाळेच्या ऑफिसच्या खिडकीत ठेवलं अन् रानात गेलो."

"रुखमाबाईशी तुमचं भांडण आहे म्हणे?" अश्वजितने डोळे बारीक केले.

"हाये ना! बोलत नाई मी तिच्याशी. पण तिचं बी खोटं हाये असं म्हणलं तर माही जीभ झडंल!"

गुणवंतराव शाळा समितीचे अध्यक्ष. प्रयोगाच्या सकाळी ऑफिसात तेच बसले होते. दुकान कसलं, बाजारच तो: बियाण्यांच्या थैल्या, मीठ, पांढऱ्या अंड्यांचे ट्रे, मासे धरायची जाळी, जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या.

"विज्ञानापुढं आपण काय बोलावं, मॅडम?" ते गोड हसले. "फक्त ते नासकं अंडं फेका म्हणा. मी दोनदा मागायला गेलो, बाई देतच नाई."

शाळेत मुक्कामाला परतताना अश्वजित छातीठोकपणे म्हणाला, "मिठातच भेसळ आहे!"

"तुझ्या डोक्यात आहे ती," रोशनी हसली. "झोप आता."

सकाळी शाळेच्या पटांगणात गाव सभेला जमलं. रुखमाबाई भिंतीला टेकून खाली मान घालून बसल्या होत्या.

रोशनीने मुलांपुढे दोन सारखे डबे ठेवले. एकात वाळला मोह, एकात रेती. "जड कोणता?"

"रेतीचा!"

"जागा तेवढीच, पण माल जास्त. हीच घनता. पाण्यात मीठ विरघळलं की त्याचीही घनता वाढते, अन् ते वस्तूला जास्त जोरानं वर लोटते. मीठ फारच झालं तर चांगलं बीसुद्धा तरंगते. मीठ कुठं थांबवायचं हे सांगते कोण?"

"अंडं!"

"बरोबर. मिठावर शंका घेतली, बियावर घेतली. अंड्यावर कोणीच नाई घेतली." तिने फळीवरचं अंडं उचललं. "हे उभं राह्यलं. शिळं अंडंही उभं राह्यते, आत हवा भरते म्हणून. पण ते हलकं, त्याले मीठ कमी लागते. इथं तर मीठ पुरलं नाई. मग अंडं शिळं नाई, जड आहे. अन् टोक खाली, म्हणजे वजन टोकात आहे."

तिने अंडं ताटात फोडलं. टोकाशी लाखेने चिकटवलेली शिशाची गोळी निघाली. छिद्रावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता.

"इसरूभाऊंचं लालसर अंडं खिडकीत होतं, बादलीत पांढरं आलं. त्या सकाळी ऑफिसात कोण होतं? पांढरी अंडी अन् जाळ्याचं शिसं कोणाच्या दुकानात आहे? वापरलेलं अंडं मागायला दोनदा कोण आलं? अन् कोठी बुडाली तर बी कोणाचं खपणार?"

गुणवंतरावांचा चेहरा खर्रकन उतरला. अश्वजित शांतपणे त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

इसरूभाऊंनी ताजं अंडं आणलं. दीपालीबाईंनी नव्या पाण्यात थोडं थोडं मीठ घातलं. अंडं आडवंच वर आलं, नाण्याएवढी पाठ दिसली. मग कोठीचं बी पडलं, आणि मूठभर फोलपटं सोडता सगळं तळाला गेलं. मुलांनी एकच गिल्ला केला.

रुखमाबाई उठल्या, डोळे पुसत बादलीपाशी आल्या. "नितळ पाण्यानं धुवून घ्या रे, मीठ राह्यलं तर उगवत नाई," एवढंच बोलल्या आणि कोठीचं दार उघडायला गेल्या.

बघता बघता टोपल्यांची रांग लागली. सर्वांत पुढची बाई पदर तोंडावर ओढून उभी होती. अश्वजितने दिव्याला विचारलं, "ही कोण गं?"

"गुणवंतरावांची बायको. त्यांच्या वावरात दरसाल हेच बी लागते."

रुखमाबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि टोपली काठोकाठ भरून दिली.