बारावा श्रोता

दुपारी दोनला प्रोफेसर स्टावेंगा चष्मा पुसायचे, हस्तलिखित उशीवर ठेवायचे आणि मोठ्याने वाचायला लागायचे. समोर बसून मी माझ्या प्रबंधातली त्याची नक्कल शब्दागणिक तपासायची. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ओळीवरून बोट फिरवायचं. हॉलंडमध्ये, आमच्या लायडन विद्यापीठात, अरबी ग्रंथ असेच ताडून पाहतात. ऑक्टोबर १९६१ चालू होता. डिसेंबरात माझी जाहीर परीक्षा होती आणि विभागात पंधरा वर्षांनी एक जागा रिकामी झाली होती. ती हुकली तर पुन्हा हार्लिंगेनच्या शाळेत भूगोल शिकवायला जायचं, हे ठरलेलं होतं.

आमचा धंदाच संशयाचा. इस्लामच्या पहिल्या दिवसांची प्रत्येक हकिगत साखळीने येते: अमक्याने तमक्याकडून ऐकली, तमक्याने आणखी कुणाकडून. युरोपातले पंडित पाऊणशे वर्षं या साखळ्यांची एकेक कडी वाजवून बघत होते. स्टावेंगांनी तरुणपणी एक कडी खोटी ठरवली होती: बसऱ्याचा अबू सुहैल, रझीनचा मुलगा. हा माणूस जन्मालाच आला नाही, साखळी सांधायला मागाहून कुणीतरी त्याला घडवला, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी ते मानलं. माझा प्रबंध म्हणजे त्यावर शिक्कामोर्तब.

हस्तलिखित दमास्कसचं, आठशे वर्षांपूर्वीचं. अशा ग्रंथांच्या शेवटी श्रोत्यांची यादी असते. वाचनाला कोण हजर होतं, कोण उशिरा आलं, कोण गप्पा छाटत बसलं, कोण कुठल्या पानापासून झोपलं, सगळं लिहितात. कारण ज्याने पूर्ण ऐकलं त्यालाच ग्रंथ पुढे शिकवायचा हक्क. आमच्या बैठकांना हा नियम लावला तर निम्मा विभाग घरी बसेल, असं स्टावेंगा म्हणायचे.

एका मंगळवारी, मजकूर अजून संपला नसताना, आम्ही ती यादी ताडायला घेतली. वसंतात मी उतरवलेल्या नकलेत अकरा नावं होती. पानावर बारा. बारावं: अबू सुहैल, रझीनचा मुलगा, बसऱ्याचा. त्याच्या मानलेल्या काळानंतर साडेचारशे वर्षांनी, दमास्कसमध्ये, श्रोता म्हणून हजर.

"तुमच्याकडून गळलं, वेस्त्राबाई," स्टावेंगा म्हणाले.

"मी तीनदा मोजलं होतं, सर."

"मग चौथ्यांदा मोजायचं होतं. असेल कुणी त्याच नावाचा. फ्रिसलंडात हिलके वेस्त्रा काय तुम्ही एकट्याच?"

"बापासकट, गावासकट तेच नाव?"

त्यांनी पान दिव्याकडे तिरकं केलं. शाई तीच तपकिरी, अक्षरही बाकीच्या अकरा नावांचंच. मला आधी त्यांचाच संशय आला. त्यांचं अरबी अक्षर देखणं होतं आणि निवृत्तीआधी शिष्येची फिरकी घ्यायची हौस आली असेल. वर पाहिलं तर तेही माझ्याकडे तसंच पाहत होते.

चारला क्नोलबाई ग्रंथ परत न्यायला आल्या. वाचनकक्ष त्याच सांभाळायच्या.

"तुमच्या त्या तिसऱ्या गृहस्थांना वहीत सही करायला सांगा. मी सांगितलं की नुसती मान हलवतात."

"कोण तिसरे?" मी विचारलं.

"तुमच्या डावीकडे बसतात ते. पेन नाही, कागद नाही. ऐकत असतात."

"क्नोलबाई, जेवणात काय काय घेतलंत?" स्टावेंगा म्हणाले.

"वाटाण्याचं सूप. आणि माझे डोळे तुमच्याहून धड आहेत, प्रोफेसरसाहेब."

त्या गेल्यावर स्टावेंगांनी आवाज खाली आणला. "यादी प्रबंधात घ्यायची नाही."

"ही लपवाछपवी झाली, सर."

"जागा हवीय ना?"

हवी होती. मला स्वतःची लाज वाटली, तरी ते पान मी प्रबंधातून काढून टाकलं.

ताडण्याच्या शेवटच्या दुपारी पंचावन्नाव्या पानावर स्टावेंगांची मान छातीवर कलली. छापखान्याचा माणूस पाचला येणार होता. मी त्यांना उठवलं नाही. हस्तलिखित माझ्याकडे ओढलं आणि हलक्या आवाजात एकटीच वाचू लागले.

सत्तावन्नाव्या पानावर डावीकडे कुणीतरी घसा खाकरला.

ओळ पुन्हा पाहिली. माझ्या नकलेत एक शब्द सुटला होता. तो घातला आणि मान वर न करता पुढे वाचत राहिले. शेवटपर्यंत आणखी दोनदा खाकरणं ऐकू आलं. दोन्ही वेळा चूक माझीच होती.

प्रस्तावनेत मी लिहिलं: पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत दोघांनी ताडून पाहिलं.

आमच्याकडची परीक्षा बरोबर पाऊण तासाची. मग चोपदार घुंगरांची काठी घेऊन आत येतो, लॅटिनमध्ये 'वेळ झाली' म्हणतो, आणि उमेदवाराने वाक्य अर्धं असलं तरी तिथेच थांबायचं. शेवटचा प्रश्न उट्रेख्टहून आलेल्या एका वृद्ध प्राध्यापकांचा होता.

"उमेदवारबाई, हा अबू सुहैल होऊन गेल्याची एकही खूण, कुठेही, आपल्या पाहण्यात आली नाही?"

मी स्टावेंगांकडे पाहिलं. ते स्वतःच्या बुटांकडे पाहत होते.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात घुंगरं वाजली.

"वेळ झाली."

इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पदवी मिळाली. जागाही मिळाली. फेब्रुवारीत बर्लिनहून कुणीतरी त्या यादीचा फोटो मागवला, म्हणून मी हस्तलिखित काढलं.

बाराव्या नावाखाली आणखी दोन नोंदी होत्या. तीच शाई, तेच अक्षर.

राइंडर स्टावेंगा. पंचावन्नाव्या पानापासून झोपला.

हिलके, दाउवेची मुलगी. शेवटपर्यंत ऐकलं. विचारल्यावर बोलली नाही. हिची साक्ष धरू नये.

दाउवे माझ्या वडिलांचं नाव. माझ्या नावाच्या मधोमध कसरीने खाल्लेलं बारीक भोक होतं. मी मागचं पान पाहिलं. त्याच जागी तेच भोक. त्याच्या मागच्यावरही. चाळीस पानं मागे गेले. ते होतंच, कडा काळपट, शेकडो वर्षांच्या जुन्या. पुन्हा यादीवर आले आणि भिंग लावलं. अक्षराची रेघ भोकाच्या काठाशी तुटली होती, शाई आत ओघळली नव्हती. भोक पडलं तेव्हा माझं नाव तिथे आधीच लिहिलेलं होतं.